चंद्र स्वतःभोवती फिरतो काय? : एका इंग्रजी क्रियापदाचा इतिहास

इंग्रजी शाळेची पायरी चढलेल्या प्रत्येक मराठी मुलाला एक वाक्य हमखास पाठ करावे लागते. पृथ्वी आपल्या आसावर 'रोटेट' होते आणि सूर्याभोवती 'रिव्हॉल्व्ह' होते. यांतल्या क्रियापदांची अदलाबदल झाली की गुण गेलेच म्हणून समजावे. मुलाला मनातून वाटत असते की, फिरणे ते फिरणे. त्यात एवढा भेद कशासाठी? आणि त्याची तक्रार अगदीच अस्थानी नसते. आपले मराठी 'फिरणे' फार उदार आहे. भोवरा फिरतो, रहाट फिरतो, बैल घाण्याभोवती फिरतो, फेरीवाला दारोदार फिरतो आणि एखाद्याचे डोके फिरते तेही याच क्रियापदाने. परिवलन आणि परिभ्रमण हे दोन शब्द आपण भूगोलाच्या पुस्तकापुरते बाहेर काढतो आणि परीक्षा झाली की पुन्हा जपून ठेवून देतो.

परंतु व्याकरणाच्या मास्तरांनी दोन ओळींत उरकलेल्या या नियमामागे मोठा इतिहास उभा आहे. 'गो राउंड', म्हणजे भोवती फिरणे, या साध्या शब्दप्रयोगाचा बरोबर अर्थ कोणता, यावरून इंग्लंडच्या राजज्योतिषाला पत्रे लिहावी लागली, एका नियतकालिकाला पत्रांच्या पुरापायी दुसरे मासिक काढावे लागले, अमेरिकेतल्या एका थोर तत्त्वज्ञाला आपल्या व्याख्यानात खारीची गोष्ट सांगावी लागली, आणि सुमारे तीन लाख विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासाव्या लागल्या. शब्दांवरून होणाऱ्या भांडणाला आपण 'नुसते शब्दांचे भांडण' म्हणून सोडून देतो. हे भांडण तसे सोडून देण्यासारखे होते काय, तेच आपल्याला पाहावयाचे आहे.

प्रथम या शब्दांची कुळे पाहू. 'रोटेट'च्या पोटात लॅटिन 'रोटा' आहे. रोटा म्हणजे चाक, आणि हा रोटा आपल्या 'रथा'चा सख्खा भाऊ. इंग्रजी 'व्हील' आणि आपले 'चक्र' यांचेही मूळ एकच. हजारो वर्षांच्या प्रवासात चेहरे मात्र ओळखू न येण्याइतके बदलले. 'टर्न' हा शब्द कातारी लाकूड फिरवून लाटणी आणि खुंट्या घडवतो त्या यंत्राच्या ग्रीक नावावरून आला. 'रिव्हॉल्व्ह'चा मूळ अर्थ लोळत, गुंडाळत मागे येणे, म्हणजे निघाल्या ठिकाणी परत येणे. ग्रह आकाशात फिरून पुन्हा पहिल्या जागी येतो, म्हणून त्याच्या फेरीला 'रिव्होल्यूशन' म्हणू लागले. पुढे हाच शब्द राजकारणात शिरला. इंग्लंडात १६८८ साली राजा बदलला त्या घटनेला हे नाव पडले, आणि १७८९ नंतर फ्रान्सने त्यात उलथापालथीचा अर्थ कायमचा भरला. मौज अशी की आपल्या 'क्रांती'चा जन्मही आकाशातच आहे. सूर्याच्या मार्गाला आपले ज्योतिषी क्रांतिवृत्त म्हणत आले आहेत.

मग आसावर फिरणे ते 'रोटेट' आणि दुसऱ्याभोवती फिरणे ते 'रिव्हॉल्व्ह', हा नियम इंग्रज लोक घरीदारी पाळतात काय? मुळीच नाही. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत ज्या पिस्तुलाचे पेटंट घेतले त्यातले गोळ्यांचे नळकांडे स्वतःच्याच आसावर फिरते. तरी ते शस्त्र 'रिव्हॉल्व्हर' झाले, 'रोटेटर' झाले नाही. इंजिनाचा वेग मिनिटाला किती 'रिव्होल्यूशन्स' यावर मोजतात. उलट, शेतात पिके आलटून पालटून घेण्याला 'रोटेशन' म्हणतात. शिकागोत १९०५ साली निघालेल्या रोटरी क्लबला ते नाव मिळाले, कारण सभासद पाळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमत. तेव्हा शाळेतला नियम हा मुळात ज्योतिषशास्त्राचा करार आहे. आकाशाविषयी बोलताना तो पाळावयाचा. पण असा करार करण्याची वेळ का आली?

त्यासाठी कोपर्निकसापर्यंत मागे जावे लागते. त्याचा ग्रंथ १५४३ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाला आणि त्याच्या नावातच 'रिव्होल्यूशन' होते. पृथ्वी रोज स्वतःभोवती फिरते आणि वर्षातून एकदा सूर्याभोवती फिरते, हे त्याने सांगितले ते सर्वांना ठाऊक असते. त्याने पृथ्वीला तिसरी एक गती दिली होती, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. ती का द्यावी लागली? त्या काळच्या समजुतीप्रमाणे ग्रह आकाशातल्या गोलांत बसवलेले होते. अंगठीच्या कोंदणात हिरा बसवावा तशी पृथ्वी. आता बोट फिरवले की हिरा बोटाबरोबर वळतो. तशीच पृथ्वी सूर्याभोवती नेली, तर तिचा कललेला आसही तिच्याबरोबर वळत जाईल. उत्तर ध्रुव एकदा सूर्याकडे झुकला की बाराही महिने सूर्याकडेच झुकलेला राहील आणि ऋतू बदलणार नाहीत. प्रत्यक्षात पृथ्वीचा आस वर्षभर एकाच दिशेला, ध्रुवताऱ्याच्या जवळपास, रोखलेला असतो. म्हणून कोपर्निकसाने म्हटले, की पृथ्वीला आणखी एक उलटी गती आहे. वर्षभरात आस जितका वळायचा तितका ती त्याला मागे वळवते.

गॅलिलिओने १६३२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या 'संवादा'त ही तिसरी गती निकालात काढली. पुढच्याच वर्षी रोममध्ये ज्या पुस्तकापायी त्याच्यावर खटला झाला ते हेच पुस्तक. त्याचा दाखला असा घरगुती आहे की सणाच्या दिवशी मुलांना जमवून करून दाखवावा. पाण्याने भरलेल्या वाडग्यात एक चेंडू तरंगत सोडा. चेंडूवर एक खूण करा. वाडगे दोन्ही हातांत पुढे धरा आणि जागच्या जागी सावकाश एक गिरकी घ्या. चेंडू वाडग्यात उलट दिशेने फिरतोय असे दिसेल. पण नजर वाडग्यावरून काढून खोलीच्या भिंतीकडे न्या. चेंडूवरची खूण आरंभी ज्या भिंतीकडे होती, जवळजवळ त्याच भिंतीकडे आहे! फिरला तो वाडगा आणि फिरलात ते तुम्ही. चेंडूने नुसती फेरी मारली. स्वतःभोवती तो फिरलाच नाही. आसाची दिशा कायम ठेवायला वेगळ्या गतीची गरज नाही. उलट ती बदलायचीच असेल तर गती लागेल.

वाचकांनी हे दोन दाखले लक्षात ठेवावेत: कोंदणातला हिरा आणि पाण्यातला चेंडू. 'नुसते भोवती फिरणे' म्हणजे काय, याची ही दोन उत्तरे आहेत. पुढचे सगळे भांडण या दोहोंमधलेच आहे.

आता चंद्राकडे येऊ. चंद्राची एकच बाजू सदैव पृथ्वीकडे असते. पलीकडची बाजू माणसाने प्रथम पाहिली ती १९५९ च्या ऑक्टोबरात, रशियाच्या 'लूना ३' या यानाने पाठवलेल्या छायाचित्रांतून. पुस्तके सांगतात की, चंद्र पृथ्वीभोवती एक फेरी करतो तेवढ्याच काळात, म्हणजे सुमारे २७.३ दिवसांत, स्वतःभोवतीही एकदाच फिरतो. म्हणून त्याची पाठ आपल्याला दिसत नाही. हे वाक्य पहिल्यांदा ऐकणारा चाणाक्ष मुलगा हटकून विचारतो, "जो कधी पाठ दाखवत नाही, तो स्वतःभोवती फिरतो कसा?"

१८५६ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हाच प्रश्न जाहीरपणे उभा राहिला. विचारणारा मुलगा नव्हता. जेलिंजर सायमन्स नावाचे सरकारी शाळा-तपासनीस होते. चंद्र आपल्या आसावर फिरतो हे विधान चुकीचे आहे, असे त्यांनी ठणकावून लिहिले. वाद पेटला. जॉर्ज एअरी हे तेव्हाचे राजज्योतिषी. त्यांनाही या वादात पत्रे लिहावी लागली आणि सायमन्स यांनी ती आपल्या पुस्तिकेत छापून टाकली. ऑगस्टस डी मॉर्गन हे गणिती, ज्यांचा जन्म आपल्याकडे मदुरेस झाला होता, त्यांनी या वादाची दखल शास्त्रातल्या विक्षिप्त मतांच्या आपल्या संग्रहात घेतली; तो त्यांच्या मृत्यूनंतर, १८७२ साली, पुस्तकरूपाने निघाला.

सायमन्स एकटे नव्हते. हेन्री पेरिगल नावाचे एक सद्गृहस्थ दलालाच्या कचेरीत कारकुनी करून फावल्या वेळात भूमितीत रमत. पायथागोरसचा सिद्धान्त आकृतीचे तुकडे करून दाखवण्याची त्यांची युक्ती इतकी सुरेख आहे की ती त्यांच्या थडग्यावर कोरलेली आहे. असा हा बुद्धिमान माणूस ९७ वर्षे जगला आणि चंद्र स्वतःभोवती फिरत नाही हे लोकांना पटवण्यासाठी त्याने कितीतरी वर्षे खर्ची घातली. आकृत्या काढल्या, यंत्राचे नमुने बनवले, कवितासुद्धा लिहिल्या. कोणाला पटले नाही. तरी त्यांचा उत्साह ढळला नाही.

या मंडळींना वेड्यात काढणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. चंद्र कसा दिसतो याविषयी त्यांचे आणि राजज्योतिष्यांचे काडीचेही दुमत नव्हते. भेद होता तो 'फिरणे' कशाला म्हणायचे यात. सायमन्स यांच्या मनात कोंदणातला हिरा होता. पृथ्वीला एक लांब दांडी जोडावी, दांडीच्या टोकाला चंद्र पक्का बसवावा आणि दांडी फिरवावी; चंद्र दांडीवर हलतो कुठे? एअरी यांच्या मनात पाण्यातला चेंडू होता. नुसती फेरी म्हणजे तोंडाची दिशा न बदलता मारलेली फेरी. दिशा बदलली की तेवढे स्वतःभोवती फिरणे झाले.

इंग्रजांपेक्षा आपल्याला हा भेद समजणे सोपे जावे. आरती संपली की आपण उभ्या जागी स्वतःभोवती एक प्रदक्षिणा घालतो. देवळात गेलो की गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणा घालतो. पहिली स्वतःभोवतीची, दुसरी देवाभोवतीची. आता अंगणातल्या तुळशी वृंदावनाकडे सतत तोंड ठेवून, आडवी पावले टाकत, त्याच्याभोवती एक फेरी मारून पाहा. तुळशीला तुमची पाठ कधीच दिसणार नाही. पण तुळशीपलीकडे तुम्हांला आधी घराचे दार दिसले असेल, मग विहीर, मग गोठा, मग रस्ता, आणि शेवटी पुन्हा दार. चारही दिशांना तुमचे तोंड होऊन गेले. देवासमोर उभ्या जागी जी गिरकी घेता तीच तुम्ही इथे चालता चालता घेतलीत. चंद्र हेच करतो. तुळशीला विचाराल तर ती म्हणेल, 'हा वळलाच नाही.' अंगणाच्या चार कडांना विचाराल तर त्या म्हणतील, 'एकदा पुरता वळला.' खोटे कोणीच बोलत नाही.

लंडनचा वाद विझतो न विझतो तोच अमेरिकेत त्याला नवे तोंड फुटले. 'सायंटिफिक अमेरिकन' या नियतकालिकात १८६७ साली एक प्रश्न आला: एक चाक स्थिर ठेवून तेवढ्याच आकाराचे दुसरे चाक त्याच्या कडेवरून लोळवत एक फेरी घातली, तर लोळणारे चाक स्वतःच्या आसावर किती वेळा फिरेल? कोणी म्हणाले एकदा, कोणी म्हणाले दोनदा. पत्रांचा असा पूर लोटला की १८६८ साली संपादकांनी हा विषय आपल्या पानांतून बंद केला आणि त्याच्यासाठी 'द व्हील' नावाचे वेगळे मासिकच काढले. वाचकांनी दोन सारखी नाणी घेऊन पाहावे. एक बोटाने दाबून धरा. दुसऱ्यावरची सिंहमुद्रा उभी ठेवून ते पहिल्याच्या डोक्यावर ठेवा आणि न घसरता कडेवरून लोळवत न्या. ते खाली तळाशी पोचते न पोचते तोच सिंह पुन्हा सरळ उभे! म्हणजे अर्ध्या फेरीतच एक वळसा पुरा झाला, आणि पुऱ्या फेरीत दोन. एक वळसा कडेवर लोळल्याचा, आणि दुसरा निव्वळ भोवती गेल्याचा.

ही जी एकाची भर, ती आपल्याकडे फार पूर्वी मोजली गेली होती. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा १८९६ साली निघालेला ग्रंथ मराठीचे भूषण आहे. तो ज्यांनी चाळला असेल त्यांना आर्यभट नवा नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास, वयाच्या तेविसाव्या वर्षी, एका महायुगातली पृथ्वीची आवर्तने दिली: १,५८,२२,३७,५००. त्याच महायुगातले दिवस, सूर्योदयावर मोजलेले, येतात १,५७,७९,१७,५००. वजाबाकी करून पाहा. उरतात नेमके ४३,२०,०००. महायुगातली वर्षे तेवढीच! म्हणजे दर वर्षाला पृथ्वी सूर्योदयांच्या संख्येपेक्षा एक वळसा जास्त घेते; कारण सूर्याभोवतीची फेरी एक वळसा खाऊन टाकते. नाण्याच्या खेळातला जादा वळसा तो हाच. या आकड्यांवरून पृथ्वीचा ताऱ्यांच्या मानाने एक वळसा २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांचा येतो. आजच्या मापाशी तो सेकंदापर्यंत जुळतो.

पण क्रियापदावरून व्हायचे ते भांडण आपल्याकडेही झालेच. नावेतून जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे तारे पश्चिमेला जाताना दिसतात, असे आर्यभटाने सांगितले होते. वराहमिहिराने विचारले, पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेले पक्षी घरट्यात परत कसे येतात? ब्रह्मगुप्ताने ६२८ साली विचारले, उंच वस्तू पडत का नाहीत? आर्यभटाला मानणाऱ्या टीकाकारांची पंचाईत झाली. गुरूला खोटे म्हणवेना आणि पृथ्वी फिरते म्हणवेना. मग काही पोथ्यांत एक अक्षर बदलले. 'भूः', म्हणजे पृथ्वी, फिरते असे होते तिथे 'भं', म्हणजे नक्षत्रचक्र, फिरते असे झाले. क्रियापद तेच राहिले, कर्ता बदलला. नवव्या शतकात पृथूदकस्वामीने आर्यभटाची बाजू उघडपणे घेतली, पण तोपर्यंत ब्रह्मगुप्ताचे मत रूढ झाले होते.

आता अमेरिकेकडे परत जाऊ. तिथे 'गो राउंड' या प्रयोगाचा सर्वांत प्रसिद्ध निवाडा झाला तो विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाच्या हातून. त्यांच्या 'प्रॅग्मॅटिझम' या १९०७ सालच्या पुस्तकात ती हकीकत आहे. डोंगरात मुक्कामाला गेलेली मंडळी हातघाईवर येऊन वाद घालत होती. झाडाच्या खोडाला एक खार चिकटलेली आहे, खोडाच्या दुसऱ्या बाजूला एक माणूस. खार पाहावी म्हणून तो झाडाभोवती धावतो. खारही तेवढ्याच वेगाने सरकते आणि खोड सदैव दोघांच्या मध्ये राहते. माणूस झाडाभोवती फिरला हे निर्विवाद. पण तो खारीभोवती फिरला की नाही? निम्मे म्हणत होय, निम्मे म्हणत नाही. जेम्स म्हणाले, 'भोवती फिरणे' याचा अर्थ खारीच्या उत्तरेला, मग पूर्वेला, मग दक्षिणेला, मग पश्चिमेला जाणे असेल, तर तो फिरला. पण खारीच्या समोर, मग उजवीकडे, मग पाठीशी, मग डावीकडे जाणे असा असेल, तर नाही फिरला. कारण खारीचे पोट सदैव त्याच्याकडेच आहे. अर्थ ठरवा म्हणजे वाद उरत नाही. यावर एक-दोन कडव्या वादपटूंनी ही पळवाट आहे, आम्हांला साधा सरळ इंग्रजी 'राउंड' हवा, असे म्हटलेच. साध्या सरळ शब्दाच्या पोटातच दोन अर्थ नांदत होते, हे त्यांना मान्य होईना.

खारीपुरता जेम्स यांचा निवाडा चोख आहे. मग तोच चंद्राला लावून, सायमन्सही बरोबर आणि एअरीही बरोबर, असे म्हणून हात जोडावेत काय? इथे मात्र थांबले पाहिजे. सगळीच भांडणे शब्दांची व्याख्या केल्याने मिटत नाहीत. काही ठिकाणी निसर्गच एका बाजूने साक्ष देतो.

१८५१ साली फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पँथिऑन इमारतीच्या घुमटातून ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलो वजनाचा गोळा टांगला आणि झोके घेऊ दिला. गोळ्याच्या झोक्याची दिशा तासातासाला जमिनीच्या मानाने सरकत गेली. आकाशाकडे न पाहता, बंद इमारतीत उभे राहून, पॅरिसकरांनी पृथ्वीचे फिरणे डोळ्यांनी पाहिले. पुढच्याच वर्षी फूकोने भिंगरीसारखे एक यंत्र केले. त्याला त्याने 'जायरोस्कोप' म्हटले. फिरणे पाहण्याचे साधन, असा त्या नावाचा अर्थ. या प्रयोगांचे सार असे की, स्वतःभोवती फिरणे ही नुसती बघणाऱ्याच्या बाजूची गोष्ट नाही. वस्तूच्या अंगावर बसूनही ते ओळखता येते. चंद्राच्या ध्रुवावर असा झोका टांगला तर त्याची दिशा २७.३ दिवसांत एक पूर्ण वळसा घेताना दिसेल, असे गणित सांगते. 'हा वळलाच नाही' असे म्हणणारी तुळस तिथे एकाकी पडते.

दुसरी साक्ष तर दुर्बिणीतून कोणालाही दिसते. चंद्राचा मार्ग लंबवर्तुळाकार आहे. पृथ्वीच्या जवळ आला की तो झपाट्याने जातो, दूर गेला की रेंगाळतो. पण त्याचे स्वतःभोवतीचे फिरणे मात्र एकसारख्या गतीने चालते. म्हणून कधी फेरी वळशाच्या पुढे जाते, कधी वळसा फेरीच्या पुढे, आणि आपल्याला चंद्राच्या कडेपलीकडचा थोडा भाग आलटून पालटून दिसतो. त्याच्या आसाच्या कलामुळे वरखालचाही थोडा दिसतो. सारे मिळून पृथ्वीवरून चंद्राचा ५९ टक्के पृष्ठभाग पाहता येतो. हे चंद्राचे मान डोलावणे गॅलिलिओच्याही लक्षात आले होते. सायमन्स यांच्या दांडीला चंद्र खरोखरच खिळलेला असता तर एका वेळी ५० आणि जन्मभरातही तेवढेच ५० टक्के दिसले असते. उरलेले ९ टक्के सांगतात की, फेरी ही एक गती आहे आणि वळसा ही दुसरी. दोहोंचा काळ सारखा पडला, एवढेच. पृथ्वीच्या ओढीने लक्षावधी वर्षांत चंद्राच्या वळशाला लगाम बसला आणि तो फेरीशी जुळला.

इतके होऊनही वाद मेला नाही. विजेच्या क्षेत्रातला अलौकिक संशोधक निकोला टेस्ला याने १९१९ साली 'इलेक्ट्रिकल एक्स्परिमेंटर' या मासिकात लेख लिहून चंद्र स्वतःभोवती फिरत नाही असे पुन्हा सांगितले. बुद्धी कितीही मोठी असो, एकदा मनात कोंदण बसले की ते सहजी निघत नाही.

शेवटची कथा १९८२ सालची. अमेरिकेत महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी 'सॅट' नावाची परीक्षा घेतात. त्या वर्षी मे महिन्यात तिच्यात एक प्रश्न आला. एका वर्तुळाची त्रिज्या दुसऱ्याच्या एकतृतीयांश. लहान वर्तुळ मोठ्याच्या कडेवरून लोळत पुन्हा निघाल्या जागी येईपर्यंत त्याची किती 'रिव्होल्यूशन्स' होतील? पाच उत्तरे दिली होती. परीक्षकांच्या मते उत्तर ३; मोठ्याचा परीघ लहानाच्या तिप्पट, हा त्यांचा हिशेब. वाचकांनी नाण्याचा खेळ करून पाहिला असेल तर त्यांच्या लक्षात आलेच असेल: लोळण्याचे तीन आणि भोवती जाण्याचा एक, मिळून वळसे ४. आणि ४ हा आकडा पाच पर्यायांत नव्हताच! शिवाय ज्योतिष्यांचा करार कसोशीने पाळला, तर 'रिव्होल्यूशन' म्हणजे भोवतीची फेरी. ती तर एकच झाली. एका शब्दापायी तीन उत्तरे, आणि त्यांतले एकही निर्विवाद नाही. परीक्षेला बसलेल्यांपैकी तिघा विद्यार्थ्यांनी मंडळाला पत्र लिहून चूक दाखवून दिली. मंडळाने ती कबूल केली, प्रश्न रद्द केला आणि सुमारे तीन लाख उत्तरपत्रिकांचे गुण नव्याने काढले. शाळा-तपासनीस विरुद्ध राजज्योतिषी हा सामना तसा करमणुकीचा होता. इथे मात्र मुलांच्या प्रवेशाचा प्रश्न होता, आणि बरोबर विचार करणाऱ्याला बरोबर उत्तरावर खूण करण्याची सोयच नव्हती.

तेव्हा या शब्दप्रयोगाचा शुद्ध वापर कोणता? शाळेतला नियम टाकून देण्याजोगा नाही. आकाशाविषयी लिहिताना स्वतःच्या आसावर 'रोटेट' आणि दुसऱ्याभोवती 'रिव्हॉल्व्ह' हेच लिहावे. आपल्या परिवलन-परिभ्रमणाचाही तोच दंडक. इंजिनाच्या चाकाला 'रिव्होल्यूशन्स' म्हटले तर कपाळाला आठ्या घालू नयेत; तिथे ती रूढी आहे. पण कुठलेही क्रियापद वापरले तरी 'कशाच्या मानाने' हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. तुळशीच्या मानाने, की अंगणाच्या? पृथ्वीच्या मानाने, की ताऱ्यांच्या? एवढा एक प्रश्न सायमन्स आणि एअरी यांनी प्रथमच एकमेकांना विचारला असता, तर निम्मा वाद 'टाइम्स'च्या कचेरीपर्यंत पोचलाच नसता. आणि उरलेल्या निम्म्यासाठी दुर्बीण होतीच.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले 'चांद्रयान-३' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. तिथे सूर्य उगवलेला असताना त्याने काम केले आणि रात्र पडण्यापूर्वी त्याला निजवण्यात आले. ज्या जमिनीवर सूर्य उगवतो आणि मावळतो तिथे पृथ्वी मात्र आकाशात जवळपास एकाच ठिकाणी टांगल्यासारखी दिसते. पृथ्वीकडे पाहत बसणारा तिथला रहिवासी सायमन्स यांच्या पक्षाचा होईल, आणि रात्री ताऱ्यांकडे पाहणारा एअरी यांच्या. घरातल्या एखाद्या मुलाने उद्या विचारले, की चंद्र फिरतो तर पाठ का दाखवत नाही, तर त्याला गप्प बसवू नये आणि पुस्तकातले वाक्यही फेकून मारू नये. त्याला अंगणात न्यावे, तुळशीकडे तोंड करून उभे करावे आणि एक फेरी मारायला सांगावी. पलीकडे काय काय दिसले, ते मग तोच सांगेल.